काट्याने काटा

(प्रस्तावना)

१

चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही कुत्रा चावल्याची गोष्ट विचारा, पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. गल्लीतल्या कुत्र्यापेक्षा त्या सुयांची धास्ती मोठी असायची. त्या लशीत असायचं काय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉल घालून तो निकामी करायचा आणि त्या मेंदूचं पातळ द्रावण माणसाला टोचायचं. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीत ही पद्धत बसवली आणि २००४-०५च्या सुमारास ती बंद होईपर्यंत आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी ती अंगावर काढली.

या लशीने असंख्य जीव वाचवले. पण काही थोड्या माणसांच्या बाबतीत भलतंच घडायचं. सुया सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की पाय लुळे पडायचे, लघवी अडायची, क्वचित शुद्ध हरपायची. घरच्यांना वाटायचं, अखेर रेबीजनेच गाठलं. पण ते रेबीज नव्हतं. मेंढीच्या मेंदूतले काही घटक आपल्या मेंदूतल्या घटकांशी इतके मिळतेजुळते असतात, की मेंढीच्या मेंदूवर चिडून उठलेल्या रक्षक पेशी त्याच तिरीमिरीत माणसाच्या स्वतःच्या मेंदूवर चालून जात. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

असे अपघात पाश्चरच्या काळापासून, म्हणजे १८८५ पासून अधूनमधून घडत होते, कारण त्याची लससुद्धा सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनायची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात या कोड्याचा छडा लावायचा ठरवला. त्यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. त्यात ना विषाणू होता ना जिवाणू. तरीही माकडांचे पाय लटके पडले आणि त्यांच्या मेंदूत चेतातंतूंवरचं वेष्टण जागोजागी उखडलेलं सापडलं. पुढे १९६० साली फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथीतल्या पेशी काढून निरोगी उंदरांना दिल्या, तर निरोगी उंदीर आजारी पडले. म्हणजे हा आजार पेशींच्या पाठीवर बसून एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाऊ शकत होता.

हे पुस्तक त्याच प्रयोगातून निघणाऱ्या उलट प्रश्नाबद्दल आहे. आजार पेशींबरोबर जातो, तर मग उपचारही त्यांच्याबरोबर का जाऊ नये? मेंदूतला दाह ज्या पेशी पेटवतात, त्यांच्याच जातकुळीतल्या पेशींना हाताशी धरून तो विझवता येईल का, आणि जळलेलं पुन्हा उभारता येईल का?

२

आधी दाहाविषयी. बोटात काटा रुतला की भोवतालची कातडी लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. त्यामागे पेशींची धावपळ असते, हे कळायला मात्र १८८२ उजाडलं. सिसिलीतल्या मेसिना शहरात इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर फिरत्या पेशींनी त्या काट्याला गराडा घातला होता. परक्याला ओळखणाऱ्या, घेरणाऱ्या आणि गिळणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना त्या काट्यातून निघाली. या कामासाठी त्यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

बोट सुजलं तर चार दिवस दुखतं आणि बरं होतं. मेंदूला ती सोय नाही. कवटीचा डबा ताणला जात नाही. आत सूज आली की मेंदू स्वतःच्याच घरात चेंगरतो. शिवाय कातडी पुन्हा भरून येते, पण मेलेली चेतापेशी सहसा परत येत नाही. म्हणून मेंदूच्या बहुतेक दुखण्यांत जखमा दोन असतात. पहिली जखम मूळ कारणाची : रक्ताची गुठळी, डोक्याला बसलेला मार, क्षयाचे जंतू. दुसरी जखम त्या कारणावर धावून आलेल्या दाहाची. पहिली बहुधा डॉक्टर भेटण्याआधीच होऊन गेलेली असते. दुसरी मात्र पुढचे कित्येक तास, दिवस, कधी महिनोन्‌महिने चालू राहते. उपचाराला वाव असतो तो या दुसऱ्या जखमेत.

या दृष्टीने पाहिलं तर एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले आजार एका रांगेत येऊन बसतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा त्यातला सर्वांत अभ्यासलेला. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. यात चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण, म्हणजे वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं आवरण, रक्षक पेशी कुरतडतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या त्याच्या चुलत आजारात डोळ्यांच्या चेता आणि मज्जारज्जू यांवर प्रतिपिंडांचा हल्ला होतो. हे प्रतिपिंड २००४ साली हाती लागले आणि हा आजार एमएसपासून कायमचा वेगळा झाला. २००७ मध्ये वर्णन झालेल्या एका मेंदूदाहात रुग्ण आधी भ्रमिष्टासारखे वागू लागतात आणि मग झटके येऊ लागतात. मुळाशी असतात ते एनएमडीए ग्राहकांवर चालून आलेले प्रतिपिंड. याखेरीज पक्षाघात, अपघातातला डोक्याचा मार, क्षयाचा मेंदूज्वर हे तर आपल्या शहरांत आणि गावांत रोजचेच.

मग आजवर डॉक्टर करत काय होते? बहुतेक वेळा स्टिरॉइड देत होते. दाहावरचा हा आपला जुना हातोडा. २००४ या एकाच वर्षात त्या हातोड्याविषयी दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. व्हिएतनाममध्ये क्षयाच्या मेंदूज्वराच्या ५४५ रुग्णांवर डेक्सामेथासोन वापरून पाहिलं होतं. मृत्यू कमी झाले, पण वाचलेल्यांमधलं गंभीर अपंगत्व कमी झालं नाही. दुसरी चाचणी डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरची, क्रॅश नावाची. वर्षानुवर्षं सवयीने दिलं जाणारं स्टिरॉइड तिथे फायद्याचं तर ठरलं नाहीच, उलट ते घेतलेल्यांत मृत्यू जास्त झाले. सरसकट दाबून टाकल्यावर चांगला दाहही दबतो आणि वाईटही. हातोड्याला हा भेद कळत नाही. पेशींना तो कळू शकतो, निदान शिकवता येऊ शकतो, या आशेवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

३

या इमारतीच्या वाटेत एक जुना किल्ला उभा होता. रक्षक पेशींना मेंदूत प्रवेशच नाही, असं वैद्यकाची पुस्तकं जवळजवळ शतकभर सांगत आली. १८८५ साली एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. १९१३ साली त्यांचे सहकारी एडविन गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये तटबंदी आहे, हे त्यातून ठसलं. १९४८ साली पीटर मेडावर यांनी सशाच्या मेंदूत दुसऱ्या सशाची कातडी रोवली. एरवी शरीर असं परकं कातडं काही दिवसांत झिडकारतं. मेंदूत ते टिकून राहिलं.

मेडावर यांच्या त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग पुढच्या पिढ्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकला. सशाला आधी दुसरीकडे कुठे तीच कातडी लावलेली असेल, तर मेंदूतलं कातडंही नष्ट व्हायचं. म्हणजे तटबंदीला दरवाजे होते. ज्या पेशीला आपल्या सावजाची ओळख पटली आहे, तिला आत जाता येत होतं. रिव्हर्स यांच्या माकडांनी तेच सांगितलं होतं. तरीही ‘मेंदू म्हणजे बंदिस्त किल्ला’ हे चित्र इतकं देखणं होतं, की ते मोडायला दुसरं शतक उजाडावं लागलं. २०१५ साली दोन स्वतंत्र गटांनी, एक अमेरिकेतला आणि एक फिनलंडमधला, उंदराच्या मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या दाखवून दिल्या. इटलीतले शरीररचनाकार पाओलो मास्काग्नी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच वाहिन्यांचा दावा केला होता आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मग २०१८ मध्ये कवटीच्या हाडातल्या मज्जेतून मेंदूच्या आवरणापर्यंत जाणारे बारीक बोगदे सापडले. रक्षक पेशी मेंदूच्या उंबरठ्यावरच राहतात, त्याचा वास घेतात आणि गरज पडली की आत येतात.

आतले रहिवासीही काही कमी नाहीत. स्पेनचे पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली मेंदूतल्या ज्या छोट्या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव दिलं, त्या मेंदूच्या स्वतःच्या रक्षक पेशी. गर्भ अगदी लहान असताना पीतक कोषातून त्या मेंदूत येतात आणि जन्मभर तिथेच राहतात, असं २०१० साली स्पष्ट झालं. त्या कचरा उचलतात, निकामी जोडण्या छाटतात आणि डोकं फिरलं तर आगही लावतात.

बाहेरून येणाऱ्यांना अडवलं तर काय होतं, याचा धडा एका औषधाने शिकवला. नटॅलिझुमॅब हे एमएसवरचं औषध पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही, त्यामुळे त्या मेंदूत शिरत नाहीत. २००४ च्या अखेरीस ते अमेरिकेत बाजारात आलं. एमएसचे झटके खरोखरच कमी झाले. पण काही महिन्यांतच, २००५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निपचित पडून असणारा जेसी विषाणू माजला. पहारा उठवला की चोर शिरतात. २००६ साली कडक देखरेखीच्या अटीवर औषध परत आलं. मेंदूला रक्षक पेशी नकोत, हा समज त्या अनुभवाने कायमचा मोडला.

४

पेशींनीच दाह आवरायचा, हे एकदा मान्य झालं की आवरायचा कसा यावर मतभेद सुरू होतात. या क्षेत्रात मला ढोबळमानाने पाच घराणी दिसतात. नावं माझी आहेत. संशोधक स्वतःला अशी लेबलं लावत नाहीत आणि पुष्कळ जण एकाहून अधिक घराण्यांत गातात.

पहिलं घराणं समजूत घालणाऱ्यांचं. रक्षक पेशींच्या फौजेत काही थोड्या पेशींचं कामच मुळी इतरांना आवरण्याचं असतं. १९७०च्या दशकात ‘दडपणाऱ्या टी-पेशी’ म्हणून त्यांची मोठी चलती होती. मग पुरावे कच्चे निघाले आणि ही कल्पना इतकी बदनाम झाली की तिचं नाव घेणंही धोक्याचं ठरू लागलं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी तिचा पिच्छा सोडला नाही. १९९५ साली त्यांनी या पेशींची ओळखखूण पक्की केली. २००१ मध्ये मेरी ब्रन्कोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं आणि पुढे हेच जनुक या पेशी, म्हणजे नियामक टी-पेशी, घडवतं हे दिसलं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं.

मेंदूच्या दृष्टीने खरी गंमत त्यानंतरची. २०१७ साली बेलफास्टमधल्या गटाने दाखवलं, की नियामक टी-पेशी नुसत्या भांडण मिटवत नाहीत. उखडलेलं मायलिन पुन्हा चढवणाऱ्या पेशींना त्या थेट मदत करतात. २०१९ मध्ये तोक्योतल्या गटाला दिसलं, की उंदराला पक्षाघात झाल्यावर काही आठवड्यांनी या पेशी मेंदूत मोठ्या संख्येने जमतात आणि त्यांच्यामुळे उंदीर अधिक सावरतो. पोलीस म्हणून आलेला माणूस गवंडीकाम करू लागावा, तसं हे. पुढे एका गटाने मेंदूतच इंटरल्युकिन-२ हा संदेशरेणू तयार होईल अशी जनुकीय सोय केली, म्हणजे या पेशी तिथल्या तिथे वाढतील. डोक्याला मार बसलेल्या उंदरांना त्याचा फायदा झाला.

दुसरं घराणं ओळख पुसणाऱ्यांचं. मायलिन परकं नाही, हे हल्लेखोर पेशींना पुन्हा शिकवायचं, एवढंच त्याचं उद्दिष्ट. २०१३ साली हॅम्बुर्गमध्ये नऊ एमएस रुग्णांच्या रक्तपेशींना मायलिनचे तुकडे चिकटवून त्या पेशी परत दिल्या गेल्या. २०१९ मध्ये बार्सिलोनात डेंड्रायटिक पेशींना, म्हणजे फौजेला ‘हा शत्रू, हा मित्र’ असं शिकवणाऱ्या पेशींना, सौम्यपणाचे धडे देऊन परत सोडलं गेलं. उपचार निर्धोक दिसला. रुग्ण बरे झाले का, हे सांगण्याइतक्या या चाचण्या मोठ्या नव्हत्या. बाकीची प्रतिकारशक्ती शाबूत ठेवणारं हे सगळ्यांत नेमकं घराणं, पण त्याची चालही सगळ्यांत धिमी.

तिसरं घराणं पाटी कोरी करणाऱ्यांचं. याची जुनी शाखा म्हणजे रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, औषधांनी सगळी फौज मोडायची आणि मग त्या मूळपेशींमधून नवी फौज उभी करायची. ग्रीसमधल्या थेसालोनिकीत १९९५ पासून एमएसवर हे करून पाहिलं गेलं. २०१९ साली ११० रुग्णांच्या चाचणीत, वारंवार झटके येणाऱ्या रुग्णांमध्ये नेहमीच्या औषधांपेक्षा या उपचाराने आजार अधिक रोखला. नवी शाखा कार-टी पेशींची. रुग्णाच्या टी-पेशींवर बाहेर प्रयोगशाळेत नवा ग्राहक बसवायचा आणि त्यांना प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींच्या मागावर सोडायचं. रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालेली ही युक्ती २०२१ साली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये ल्युपसच्या एका तरुण रुग्णावर वापरली गेली आणि आजार शमला. मग चीनमध्ये न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णांवर, युरोपात एमएसच्या मोजक्या रुग्णांवर असे प्रयत्न झाले. बर्लिनमध्ये तर फक्त एनएमडीए ग्राहकाविरुद्धचे प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशीच वेचून मारणाऱ्या टी-पेशी तयार करून उंदरांवर पाहिल्या गेल्या. सगळी पाटी न पुसता एकच ओळ पुसायची, असा तो प्रयत्न.

चौथं घराणं वाहकांचं. त्याचा प्रश्न वेगळा आहे : पेशीला मेंदूत जाता येतं, औषधाला जाता येत नाही, मग औषध तिच्या पाठीवर का लादू नये? मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले आणि आता हार्वर्डमध्ये असलेले समीर मित्रगोत्री यांच्या गटाने मॅक्रोफेज पेशींवर औषधाची सूक्ष्म चकती चिकटवली. ती पाठपिशवीसारखी. मॅक्रोफेज परक्या वस्तू गिळून टाकतो, पण चकतीचा आकार असा ठेवला की त्याला ती गिळता येत नाही. मेंदूच्या दुखऱ्या जागी पोचल्यावर त्या जागेच्या चिथावणीने मॅक्रोफेज आक्रमक होऊ पाहतो, तेव्हा पाठीवरचं औषध त्याला शांत ठेवतं. डोक्याला मार बसलेल्या डुकरांमध्ये या उपचाराने जखमेचा आकार निम्म्याहून लहान राहिला. सान फ्रान्सिस्कोतल्या वेंडेल लिम यांच्या गटाने २०२४ साली वेगळा घाट घातला. त्यांच्या टी-पेशी ब्रेव्हिकॅन या फक्त मेंदूत आढळणाऱ्या प्रथिनाला स्पर्श झाल्यावरच कामाला लागतात. मेंदूचा पत्ता हातात दिला आणि तिथे पोचल्यावरच पाकीट उघडायचं, अशी ताकीद दिली. पाकिटात दाह शमवणारा इंटरल्युकिन-१० होता. उंदरांतल्या एमएससदृश आजारावर त्याचा उपयोग झाला.

पाचवं घराणं रहिवासी बदलणाऱ्यांचं. बिघडलेल्या मायक्रोग्लियांच्या जागी नव्या पेशी आणून वसवायच्या, हा त्याचा खटाटोप. मायक्रोग्लियांच्या जनुकीय दोषामुळे मेंदूचा पांढरा भाग झिजत नेणाऱ्या एका दुर्मिळ आजाराच्या आठ रुग्णांवर चीनमध्ये अस्थिमज्जा-रोपणातून हे करून पाहिलं गेलं. आजाराची घसरण थांबल्याचं २०२५ साली प्रसिद्ध झालं.

५

इथवर वाचून कुणाला वाटेल की दिल्ली आता दोन पावलांवर आली. म्हणून या पुस्तकात पराभवांना मुद्दाम मोठी जागा दिली आहे. इस्राएलच्या मिखाल श्वार्ट्झ यांनी १९९८-९९ मध्ये दाखवलं, की जखमी मज्जारज्जूत चिथावलेले मॅक्रोफेज सोडले तर उंदीर काही अंशी सावरतात आणि आपल्याच ऊतींवर उठणाऱ्या टी-पेशीसुद्धा चेतापेशींना वाचवू शकतात. ‘आपल्यावरच उठलेली पेशी उपकार करू शकते’ हे तेव्हा पाखंड वाटलं होतं. त्या पाखंडाने या विषयाचा पाया घातला. पण माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले तेव्हा मॅक्रोफेजचा फायदा दिसला नाही.

एप्स्टाइन-बार विषाणू आणि एमएस यांचं घट्ट नातं २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या सुमारे एक कोटी लोकांच्या नोंदींतून पुढे आलं. या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढत होता. मग त्या विषाणूने बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी द्याव्यात, हे ओघानेच आलं. ऑस्ट्रेलियात काही रुग्णांवर त्या आधीपासून दिल्या जात होत्या आणि आशा वाटत होती. २०२३ च्या अखेरीस याच धर्तीच्या एका तयार पेशी-औषधाची चाचणी फसली. तर्क चोख होता, शरीराने तो मानला नाही.

काही वेळा दोन प्रयोगशाळाच एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. २००९ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने सांगितलं, नियामक टी-पेशी पक्षाघातात मेंदूला वाचवतात. २०१३ मध्ये जर्मनीतल्याच दुसऱ्या गटाने सांगितलं, त्या सुरुवातीच्या तासांत बारीक रक्तवाहिन्या तुंबवून नुकसान वाढवतात. दोन्ही प्रयोग नीट केलेले. फरक वेळेचा आणि जागेचा असावा, असं आज बहुतेकांना वाटतं. पहिल्या तासाला शत्रू ठरणारी पेशी तिसऱ्या आठवड्यात मित्र होऊ शकते. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं मर्म याच विसंवादात आहे. पेशी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कधी, कुठे आणि कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारायला हवं.

६

मराठीत हे पुस्तक आत्ताच का, याचं कारण मुंबईत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. तो कर्करोगासाठी आहे, मेंदूच्या दाहासाठी नाही. पण रुग्णाच्या पेशी काढणं, त्यांना नवं शिक्षण देणं, त्या सुरक्षितपणे परत देणं ही सगळी कारागिरी आता पवई-खारघरच्या आवारात आहे, आणि तीही अमेरिकेतल्या खर्चाच्या सुमारे एक दशांशात. उद्या मेंदूच्या आजारांची पाळी येईल तेव्हा आपल्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

दुसरं कारण इतकं सुखाचं नाही. ‘पेशींनी उपचार’ या शब्दांची आपल्याकडे एक बाजारपेठ बऱ्याच वर्षांपासून भरली आहे. पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, काहीही असो, मूळपेशींचं इंजेक्शन घ्या आणि बरे व्हा, अशा जाहिराती वाचून माणसं शेतं विकतात. याच देशात कामेश्वर प्रसाद आणि सहकाऱ्यांनी पाच केंद्रांत १२० पक्षाघात-रुग्णांवर स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशींची रीतसर चाचणी केली होती आणि २०१४ साली प्रामाणिकपणे सांगितलं, की उपचार निर्धोक आहे, पण फायदा दिसत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण वगळता मूळपेशींचे बाकीचे उपचार चाचणीच्या चौकटीतच व्हायला हवेत. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर तो दरवाजा सोडून परत फिरावं. या पुस्तकातून वाचकाने दुसरं काही नेलं नाही आणि एवढंच नेलं, तरी माझे कष्ट वसूल झाले.

७

हे पुस्तक काय करू पाहतं, ते थोडक्यात सांगतो. हे उपचाराचं पुस्तक नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही. ज्याच्या घरात एमएसचा रुग्ण आहे, जो बारावीनंतर जीवशास्त्राकडे वळणार आहे, किंवा जो डॉक्टर आहे पण ज्याचं शिक्षण किल्ल्याच्या काळात झालं, अशा तिघांना एका बैठकीत बसवून ही गोष्ट सांगता यावी, अशी माझी धडपड आहे. म्हणून मांडणी आजारांच्या यादीने केलेली नाही, पेशींच्या चरित्रांनी केली आहे. एकेक पेशी आधी आग लावताना भेटते, मग विझवताना. जिथे निष्कर्ष उंदरांवरचा आहे तिथे उंदीर असंच लिहिलं आहे. वाचकाने घाईने तिथे माणूस वाचू नये.

भाषेबद्दलही दोन शब्द. ‘सहनशीलता’, ‘सौम्यपणाचे धडे’, ‘समजूत’ असे शब्द पेशींना लावताना मला संकोच वाटतो, कारण पेशीला मन नसतं. पण या विषयात इंग्रजी संज्ञांची जंत्री दिली तर सामान्य वाचक उंबरठ्यावरूनच परततो. म्हणून जिथे रूढ इंग्रजी शब्द आपल्या दवाखान्यांत बोलला जातो तिथे तोच ठेवला आहे, आणि जिथे मराठी उपमा कामाला येते तिथे ती वापरून, ती कुठवर ताणायची तेही सांगितलं आहे.

तेव्हा शीर्षकाची उपमा कुठवर ताणायची, तेही सांगायला हवं. काट्याने काटा काढायचा ही आपली जुनी रीत, आणि तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : काम झाल्यावर दोन्ही काटे फेकून द्यायचे. गोळीच्या बाबतीत ते खरं असतं. ती विरघळते, रक्तातून जाते, संपते. पेशीचं तसं नाही. दिलेली पेशी शरीरात राहते, वाढते, आठवण ठेवते. म्हणूनच एका मात्रेत वर्षानुवर्षांचा आराम मिळू शकतो, आणि म्हणूनच भीतीही आहे. कार-टी पेशींमुळे काही रुग्णांच्या मेंदूतच दाह होतो, गोंधळ होतो, झटके येतात; म्हणजे मेंदूची आग विझवायला ज्या पेशी आपण आणू पाहतो, त्याच आग लावू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपचारांवर आणखी एक ठळक इशारा छापायला लावला : क्वचित त्या टी-पेशींचाच कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे आज नवी पेशी घडवणारे संशोधक तिला थांबवण्याची कळही तिच्यातच बसवू लागले आहेत, आणि उपचार घेतलेल्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

चौदा इंजेक्शनांच्या काळात एका चांगल्या हेतूच्या लशीने काही मेंदूंना आग लावली, आणि ती का लागली हे नीट पाहणाऱ्यांमुळे हा विषय जन्माला आला. पुढची पानं वाचताना तो लुळा पडलेला अनोळखी रुग्ण मनाच्या कोपऱ्यात असू द्यावा. काढणारा काटा या वेळी आतच राहणार आहे. त्याला आत सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर आपण किती वेळ जागं राहतो, यावर त्याचं औषध होणं अवलंबून आहे.